लिमये काकांची दफनभूमी

बोस्टनजवळच्या आमच्या गावात पाहुणे आले की लोक त्यांना मॉल दाखवतात. लिमये काका दफनभूमी दाखवतात.

दीडशे वर्षांपूर्वीची, व्हिक्टोरियन. वळणदार वाटा, तळं, जुने ओक आणि त्यांच्याखाली दगडी देवदूत. रिटायर झाल्यावर काका तिथे फुकट गाइड झाले आणि फ्लॅट विकायला निघाल्याच्या थाटात थडगी दाखवू लागले. "ईस्ट फेसिंग! समोर तळं. शेजार एकदम शांत." अर्धा खांब दिसला की, "बिल्डर पळाला नाही हां. माणूस तरुणपणी गेला, म्हणून खांबही अर्धाच." एका व्यापाऱ्याच्या दोन्ही बाजूंना त्याच्या दोन बायका निजल्या आहेत. तिथे काका हटकून थांबत. "बिचाऱ्याला अजून कूस बदलता येत नाही."

माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या, तर दुसऱ्याच दिवशी काकांनी त्यांना तिथे फिरवून आणलं. परतल्यावर सासूबाईंनी दारातच फर्मान काढलं, "स्मशानातून आलोय. आधी डोक्यावरून आंघोळ!" त्यातून काकाही सुटले नाहीत. माझ्या नवऱ्याचा टीशर्ट घालून, केस पुसत ते म्हणाले, "वहिनी, अहो हेरिटेज आहे ते!"

काकू गेल्या त्याला आता दोन वर्षं झाली. तेव्हापासून काकांच्या तिथल्या फेऱ्या फारच वाढल्या. आम्ही म्हणायचो, छंद आहे ते बरंय.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. "मला दफनभूमीच्या ऑफिसात सोडशील? एक जागा घ्यायचीय."

"काका, एवढी काय घाई?"

"माझ्यासाठी नाही गं. हिच्यासाठी."

काकूंच्या अस्थी तर मुलाने केव्हाच नाशिकला नेऊन गोदावरीत सोडल्या होत्या.

"रीतसर झालं सगळं," काका गाडीत म्हणाले. "पण हिच्याशी बोलायचं तर मी कुठे जाऊन बसू? रोज दुसऱ्यांच्या बायकांशेजारी बसतो." मला हसू आलं, आणि लगेच रडू आवरेना.

ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, पुरायचं काय आहे? काकांनी कोटाच्या खिशातून काकूंची लोकरीची कानटोपी काढली. "एवढंच आहे. चालेल?"

बाई टोपीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चालेल. दगडावर नाव काय घालायचं?"

काका म्हणजे जुन्या वळणाचा माणूस. सगळा संसार 'अगं' आणि 'ही' यांवर झालेला. मी सांगेन म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं नाही.

"सुमन," ते म्हणाले. बाईंना नीट ऐकू आलं होतं, तरी पुन्हा एकदा, जरा मोठ्याने म्हणाले, "सुमन."