सुमतीचा मामा आणि तहसीलदारांचा तळ

तहसीलदार नरहररावांचा तळ आमराईत पडला, तेव्हा विठ्ठलराव पाटलांनी स्वतः दोर धरून तंबू ताणून दिले. दोन दिवसांचा तर मुक्काम! शिवरात्र होऊन गेली होती, आंबे मोहरले होते, उन्हाला अजून चटका नव्हता. अशा दिवसांत पाहुणा कुणाला जड होत नाही. पण दोनाचे चार झाले, चाराचा आठवडा झाला आणि तंबूची एक मेखसुद्धा कुणी उपटली नाही, तेव्हा पाटील बोटांवर दिवस मोजू लागले.

तळ म्हणजे काही नुसते तंबू नव्हेत. निजाम सरकारचा अंमलदार गावात उतरला की दूध, तूप, कोंबड्या, सरपण गावानं पुरवायचं आणि सामानाच्या गाड्यांना बैल पाटलानं द्यायचे. कूच करायचा हुकूम कधी सुटेल त्याचा नेम नाही, म्हणून पाटलांच्या दोन्ही जोड्या तळावर बांधून ठेवलेल्या. त्या तिथं पाटलांचाच कडबा खात सावलीत रवंथ करीत होत्या आणि इकडे खळ्यावर ज्वारीच्या कणसांचा ढीग मळणीची वाट बघत होता. फाल्गुनातल्या आभाळाचा भरवसा नाही. एक सर आली तरी दाणा काळा पडायचा आणि वर्षाची भाकरी जायची.

"बैल सायबाचे झाले, दूध सायबाचं झालं," पाटलांची बायको सुंदरबाई म्हणाली. "आता मला बी तळावर नेऊन बांधा, म्हंजी घर रिकामं झालं!"

"अगं, सरकार हाय ते. हाकलून देता येतंय का?"

"पर दप्तर तपासायचं काम सपलंय न्हवं? मग बसलेत कावून?"

हे मात्र पाटलांनाही ठाऊक नव्हतं. ते उठून तळावर गेले. साहेबांचा आचारी मुंजाजी चुलीपुढं कोंबडी सोलत बसला होता. गावच्या कोंबड्यांवर त्याचा हात आता चांगला बसला होता.

"कावून बे मुंजाजी, सायेब हलत कावून न्हाईत?"

"पुस्तक चाललंय," मुंजाजी म्हणाला. "पुन्याहून नवी कादंबरी आलीय. ती सपल्याबिगर तळ हलायचा न्हाई. गाडीत हिसके बसले की सायबाचा गोष्टीचा धागा तुटतो."

"मग वाचा म्हनावं की बिगीबिगी!"

"त्यांचं वाचनं म्हंजी बोळक्या म्हातारीनं हरबरं खानं, पाटील. एकच दाना तोंडात घोळवत बसायचं."

खोटं नव्हतं ते. आंब्याखाली आरामखुर्ची टाकून साहेब बसले होते. त्यांनी अर्धं पान वाचलं, पुस्तकात बोट घालून ते मिटलं, मोहोराकडे बघत "वा!" म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. पाटील बराच वेळ उभे राहिले. उरलेलं अर्धं पान काही सुरू झालं नाही. पुस्तकाची जाडी बघून पाटलांना आपली ज्वारी आठवली आणि ते घरी आले.

उपाय सुंदरबाईनंच काढला. "त्या पटवाऱ्याला बसवा वाचायला. सारा वसूल करायच्या वक्ताला कसा घडाघडा वाचतुया, मदी कुनाला इचारायला सवड देत न्हाई!"

गावचा पटवारी उत्तरेश्वर दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांपुढं हजर झाला. डोळ्यांना तेवढाच आराम, म्हणून साहेबही खूश झाले. उत्तरेश्वरानं एका दमात तीन पानं ओढली. पण त्याच्या तोंडी नायिकेचा विलाप आणि शेताची चतुःसीमा यांत काडीचा फरक पडत नव्हता. चौथ्या पानाला साहेब घोरू लागले. जागे झाल्यावर म्हणाले, "छान वाचतोस रे. हे प्रकरण पुन्हा वरून घे."

असं दोन दिवस चाललं. कादंबरी जिथल्या तिथं आणि बैलही जिथल्या तिथं. तेव्हा पाटलांनी उत्तरेश्वराला बाभळीआड गाठलं.

"पटवारी, मधली पानं गाळा."

"आवं पाटील, सायबाच्या ध्यानात आलं तर?"

"सायेब झोपेत असत्यात. व्हा पुढं, मी हाय की बाजूला."

उत्तरेश्वरानं देवाचं नाव घेऊन पंधरा-वीस पानं एकदम उलटली. नेमके त्या दिवशी साहेब जागे होते.

"थांब," साहेब म्हणाले. "मधुकर तर काल खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात होता. आता सुमतीच्या घरी श्रीखंड कसा खातोय?"

उत्तरेश्वरानं पाटलांकडे पाहून घेतलं. "सुटला आसंल, हुजूर. जमानतीवर."

"खुनाच्या मुकदम्यात जमानत?" साहेब खुर्चीतून अर्धे उठले. स्वतः फौजदारी चालवणारे गृहस्थ ते. "कोणत्या गाढवानं दिली? मागं जा! कायद्याचा प्रश्न आहे. नाही, तसं नको. पहिल्यापासूनच घे, माझ्याकडूनच काही निसटलं असेल."

अशी कादंबरी पुन्हा पहिल्या पानावर आली. आता पटवाऱ्यावर विसंबून चालणार नाही, हे ओळखून ते स्वतः रोज दुपारी उत्तरेश्वराच्या शेजारी घोंगडी टाकून बसू लागले. वाचन थांबलं की कोपरानं ढोसायचं, एवढंच त्यांचं काम. पण कान काही घरी ठेवून येता येत नाहीत.

पहिल्या दिवशी त्यांना एवढंच कळलं की सुमती नावाची एक पोरकी पोर आहे आणि तिचा मामा तिची जमीन बळकावतो आहे. जमीन म्हटल्यावर पाटील सावरून बसले. दुसऱ्या दिवशी मामानं खोटे साक्षीदार उभे केले आणि बिचाऱ्या मधुकराला खुनात गुंतवलं.

"ह्यो मामा कंच्या गावचा म्हनायचा?" पाटलांनी विचारलं. "नेकनूरच्या बाजाराला येतो का?"

साहेब हसले. "पाटील, हे खरं नाही. लिहिणाऱ्यानं मनानं रचलंय."

"मनानं एवढं?" पाटलांना ते पटेना. "न्हाई सायेब. खोट्या साक्षीला सुदिक कायतरी आधार लागतुया. ह्यो मामा हाय कुठंतरी."

साहेबांना हा श्रोता भलताच आवडला. ते आता झोपत नव्हते. पाटील मामाला शिव्या घालत, साहेब खटला चालवणाऱ्या मुन्सिफाला नावं ठेवत आणि उत्तरेश्वरसुद्धा नकळत मामासाठी घोगरा आवाज काढू लागला. वाचन मात्र गोगलगाईला लाजवील असं चालत होतं, आणि त्याबद्दल पाटलांची आता काही तक्रार नव्हती.

एका दुपारी पश्चिमेकडून आभाळ भरून आलं. पाटलांचा गडी सटवा खळ्यावरून पळत आला.

"पाटील, चला! कनसं झाकाया पायजेत!"

"गप बे," पाटील म्हणाले. "साक्ष चाललीया."

शेवटी सुंदरबाईनं शेजारपाजारच्या बाया गोळा करून कणसांवर कडबा रचला. वारा सुटला, ढग पांगले, थेंबही पडला नाही; पण ती पदर खोचून तशीच आमराईत आली. आज साहेबांसमोर नवऱ्याची कानउघाडणी करायची, असा तिचा बेत होता. आंब्याच्या बुंध्याआड ती उत्तरेश्वर दम घ्यायला थांबण्याची वाट बघत उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. मग आल्या वाटेनं घरी गेली. दुसऱ्या दिवसापासून तळावरचं दूध गड्याबरोबर न पाठवता ती स्वतः आणू लागली, तेही ऐन दुपारी. तिचा आता गड्यावरचासुद्धा विश्वास उडाला, असं समजून पाटील मनात चरकले.

आणि मग एका सकाळी बीडहून स्वार आला. बडे अंमलदार मांजरसुंब्याला येत आहेत, तळ ताबडतोब तिकडे हलवावा. घटकाभरात मेखा उपटल्या गेल्या. साहेबांचा चेहरा उतरला होता.

"पाटील, नेमका फैसला राहिला," ते म्हणाले. उत्तरेश्वराला त्यांनी पुस्तकासह गाडीत बसवून नेलं.

संध्याकाळी बैल परत आले. गावानं सुटकेचा श्वास सोडला, उरलेल्या कोंबड्याही मोकळ्या फिरू लागल्या. रात्री पाटलांना भाकरी गोड लागली नाही.

सकाळी सटवा बैल सोडायला आला.

"एक जोडी मळनीला ने," पाटील गाडीत बसत हळूच म्हणाले. "दुसरी गाडीला जुंप. मांजरसुंब्याला जाऊन येतो. बैलाची झूल तळावर ऱ्हायली."

तेवढ्यात सुंदरबाई बाहेर आली. नवं लुगडं नेसलेली, काखेत तुपाची बरणी. पाटील दचकले.

"ही झूल दावनीलाच हाय," ती म्हणाली. "मामाला फाशी होती का न्हाई ते ऐकाया चाललाव, मला कळत न्हाई व्हय?"

"अगं, आल्यावर सांगतो की तुला समदं."

"तुमी सांगनार! तुमाला धड गोष्ट सांगता येती का? परवा भामाआत्याला सांगताना सुमतीला मामाची बायकू करून टाकलीत. सरका पलीकडं."

पाटलांनी सरकून तुपाच्या बरणीलाही जागा केली.