नेपोलिटानोचा डबा

फ्रीजर उघडताच जासियारा ओरडली, "माझा नेपोलिटानो कुठंय?"

नेपोलिटानो म्हणजे आइस्क्रीमचा दोन लिटरचा डबा. आत आइस्क्रीम नव्हतं, हे उबातुबा गावातलं शेंबडं पोरही सांगेल. आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम असतं ते दुकानात. घरी त्यातून निघतो काळा घेवडा. जासियाराच्या डब्यात मात्र शिंपले होते. तीन वर्षं ओहोटीच्या वेळा साधून, लेक ताइना पोटात असतानासुद्धा खडकांवर वाकून वाकून गोळा केलेले. त्यांच्या पोटात प्लास्टिकचे कण किती, यावर तिची डॉक्टरेट. प्रयोगशाळेतला फ्रीजर बिघडला म्हणून घरी आणलेले. सोमवारी तपासणी, शिंपले गेले की डॉक्टरेटही गेली.

"तो होय? शेजारणीला, नायरला दिला," सासूबाई, दोना झुल्मीरा, ताइनाला भरवता भरवता म्हणाल्या. "चर्चच्या जेवणाला घेवडा कमी पडत होता. अगं पण ऐक तर..."

"काय ऐकू, कपाळ माझं! वर एवढं मोठं लिहिलं होतं, हात लावू नये म्हणून!"

"ते तू चॉकलेटवरही लिहितेस."

जासियारा अनवाणीच धावली. शेजारच्या नायरने हात झटकले. "गोठलेलाच नेऊन दिला बाई. आइस्क्रीमचा डबा कुणी उघडून बघतं का?"

चर्चच्या अंगणात आचारी आर्लिंदो पातेलं ढवळत होता. डबा बाजूला, रिकामा. साठ माणसं ताटल्या घेऊन रांगेत.

"थांबा! खाऊ नका! त्यात समुद्रातली घाण आहे!"

"माझ्या घेवड्यात घाण?" आर्लिंदोने पळी उगारली. "तीस वर्षं रांधतोय मी!"

"अहो दादा, त्यात प्लास्टिक आहे, प्लास्टिक!"

चव बघण्याच्या निमित्ताने दोन वाट्या रिचवलेले पाद्री पोट धरून खाली बसले. मग कोण ऐकतंय? चौघांनी पातेलं उचलून मागच्या खड्ड्यात उपडं केलं. जासियाराने काठीने चिवडून पाहिलं. घेवडा, तमालपत्र, डुकराचा कान. शिंपला औषधालाही नाही. ती पायरीवर बसून रडायला लागली.

तेवढ्यात ताइनाला कडेवर घेऊन दोना झुल्मीरा धापा टाकत आल्या.

"झालं तुझं? आता तरी ऐकशील? शिंपले मी परवाच दुसऱ्या डब्यात भरलेत, तुझ्या आकडे घातलेल्या पिशव्यांसकट. रिकाम्या डब्यात मग घेवडा भरला. तीन वर्षांची मेहनत कुणी आइस्क्रीमच्या डब्यात ठेवतं का पोरी? येईल तो घेवडा म्हणून उघडणार!"

"मग... आहेत कुठं?"

"फ्रीजरमध्येच. वर लिहिलंय 'कलेजी'. आपल्या घरात कलेजीला कुणी हात लावलाय कधी?"

मागे साठ रिकाम्या ताटल्या. आर्लिंदो पळी घेऊन पुढे आला. "डॉक्टरीणबाई, घाण सापडली? मग आता जेवायला काय?"

त्या दिवशी सगळ्यांनी भात आणि केळी खाल्ली, जासियाराकडे बघत बघत.

पुढे प्रबंध पुरा झाला. नमुने कसे साठवावेत, त्या प्रकरणातलं एकच वाक्य परीक्षकांना कळेना: 'उणे वीस अंश, हवाबंद डबा, आणि झाकणावर ठळक अक्षरांत: कलेजी.'