अर्धलीची शेळी

आमच्या आळीतली म्हाळाक्का कुणाच्याही घरी गेली, की माणसांकडे बघायचीसुद्धा नाही. तरातरा परसात जायची, तिथं बांधलेल्या शेळीचा कान दोन बोटांत धरायची, तिच्या पोटावरून हात फिरवायची आणि मग घरच्या बाईवर खेकसायची, "काल रातीला चूल पेटली न्हाई व्हय गं?" आणि खरंच पेटलेली नसायची. "शेळीच्या पोटावरनं घराचं पोट कळतं," असं तिचं म्हणणं. घरातली माणसं 'सगळं झकास आहे' म्हणून सांगत असली, तरी त्यांची साक्ष अक्का धरत नसे.

ही मूळची जतकडची, धनगराची लेक. मूलबाळ नव्हतं. नवऱ्यामागं उरलेल्या शेळ्या हाकत ती सांगलीत आली आणि आमच्या आळीच्या टोकाला, नदीच्या अंगाला झोपडं घालून राहिली. लढाईचे दिवस होते. रेशनच्या रांगेत उभं राहूनही हाती काय पडेल याचा भरवसा नव्हता. ज्या घरातला कमावता माणूस आडवा पडला, त्या घरी अक्का एक गाभण शेळी नेऊन बांधायची. कुणी हात जोडलेच तर डाफरायची, "भीक न्हाई ही, अर्धली हाय!" दोन करडं झाली तर एक त्या घराचं, एक तिचं. तिच्या वाट्याचं करडू मोठं झालं की पुढच्या अडलेल्या घरी जायचं. आणि घरच्या दोन-तीन शेळ्या होऊन दूध विकून भाकरी सुटायला लागली, की अक्काची मूळ शेळी तिला परत करायची.

खरं सांगतो, मला ही बाई सहन व्हायची नाही. याला कारण शेजारची सरू.

सरूचा नवरा बाजारात हमाल. हळदीचं पोतं अंगावर पडून तो अंथरुणाला खिळला. मी त्याच बाजारात एका पेढीवर दिवाणजी होतो. पेढ्यांचे उंबरे झिजवून, चार ठिकाणी अपमान गिळून मी ज्वारीचं एक पोतं मिळवलं आणि गाडीबरोबर चालत जाऊन सरूच्या दारात उतरवलं. अख्खं पोतं! त्यानंतर अक्कानं तिथं एक शेळी बांधली. दोन वर्षांनी बघावं तर सरू हॉटेलवाल्याला दूध घालतेय, नवरा बसल्या जागी दोर वळतोय आणि सगळी आळी म्हणतेय, "अक्कानं घर उभं केलं." अहो, मग माझी ज्वारी काय उंदरांनी खाल्ली? शेळी दुधाला येईपर्यंत ती माणसं काय पाला चघळत होती?

हे घरी बोलून दाखवलं तर आमची ही म्हणाली, "ज्वारी संपली. शेळी व्याली." शिवाय सरूकडून परतताना अक्का आमच्या ओट्यावर टेकायची, तेव्हा तिच्या चहात गुळाचा चांगला खडा पडायचा. माझ्या चहात नुसती गुळाची आठवण. तीही गुळाच्या पेठेच्या गावात!

मग सरूनं शेळी परत करायचा दिवस ठरवला. शेळीच्या कपाळाला हळदकुंकू, गळ्यात झेंडूची माळ, अक्कासाठी खण आणि नारळ. सगळी आळी जमली. मी जाणार नव्हतो. पण गेलो नसतो तर मला झोंबलंय हे जास्तच दिसलं असतं, म्हणून गेलो.

अक्कानं खणाकडे बघितलंही नाही. तिनं शेळीचा कान धरला. "कान गरम लागतोय. चार दिस ऱ्हाऊ दे हितंच."

"आवं अक्का, कालच तर बगितलासा. चांगली ठणठणीत हाय की," सरू म्हणाली.

"तुला काय कळतंय? सावलीला बांधत न्हाईस. पाला बी वाळका घालतीस."

तेवढ्यात शेळीनं सरूच्या हातातल्या नारळाची शेंडी ओढून खायला सुरुवात केली. आजाऱ्याचं हे लक्षण नव्हे. लोक हसले, अक्का हसली नाही. शेळीचं दावं हातात घेऊन ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीच्या वेळी सरूकडे हजर. मी ओट्यावर दात घासत होतो. सरूच्या स्वतःच्या शेळीचा कान धरायला तिनं हात पुढं केला, तर सरू दुधाची चरवी उचलत म्हणाली, "बगितला मी कान, अक्का. तुमी आता जरा इसावा घ्या." मायेनंच म्हणाली आणि लगबगीनं हॉटेलकडे गेली.

अक्का आमच्या ओट्यावर येऊन बसली. चहा पुढं आला तरी तिनं हात लावला नाही.

"दिवाणजी, लय जळतंय बगा आत," ती म्हणाली. "माज्याबिगर चालाया लागलं तिचं. त्येच्यासाठनंच शेळी बांधली हुती, कळतंय मला. पर आता सकाळी उटून जायाचं कुणाच्या दारात?"

आळीत शेळी बांधण्याजोगं घर उरलं नव्हतं, आणि लांबच्या वस्त्यांपर्यंत चालायला तिचे गुडघे तयार नव्हते. एवढा काळ मी हिच्यावर जळलो, आता खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. ते काही केल्या वाटेना.

"अक्का," मी म्हणालो, "आमच्याकडे बांधा एक शेळी."

तिनं माझ्या पोटाकडे बघितलं. त्यावरून आमच्या घराचं पोट कुणालाही कळलं असतं.

"तुमच्यात कशाला? तुमचं घर चांगलं उभं हाय की. माजी कीव करताय व्हय?"

"भीक नाही ही," मी म्हणालो. "अर्धली आहे."

तिनं चहा बशीत ओतून घेतला.

शेळी आली. पहिल्याच दिवशी तिनं माझा वाळत घातलेला पंचा अर्धा खाल्ला आणि अर्धा मला ठेवला; अर्धलीचा नियम तिला बरोबर ठाऊक होता. गुळाचा खडा मात्र तरीही अक्काच्याच चहात पडत राहिला. बायको आणि शेळी, दोघीही अक्का दिसली की मला विचारायच्या नाहीत. माझं जळणं काही थांबलं नाही.

ती शेळी आमच्याकडे दोनदा व्याली. परत करायची वेळ कधीच होऊन गेली. पण अक्का रोज सकाळी यायची, तिचा कान धरायची आणि मान हलवून म्हणायची, "गरम लागतोय. उद्या येऊन बगाया पायजे."

लागायचाच. आळीच्या वळणावर ती दिसली, की मी आधी परसात जाऊन तो कान दोन्ही तळहातांत धरून चोळून ठेवायचो.