पत्ता : जैनुद्दीन टेलरसमोर

'पार्सल पोहोचवले,' असा निरोप मोबाईलवर आला तेव्हा रंगनाथ जेवून येऊन आपल्या वह्यापेनांच्या दुकानाचं शटर उघडत होता. त्याच्या हातात किल्ल्यांशिवाय काही नव्हतं. त्यानं घाईघाईनं डिलिव्हरीवाल्याला फोन लावला.

"कुणाला दिलंस रे?"

"पत्त्यात तुमीच लिवलंय की, जैनुद्दीन टेलरच्या समोर. तुमचं शटर बंद हुतं, म्हनून चाचांकडं ठिवलं."

रंगनाथनं चटकन रस्त्यापलीकडं पाहिलं. ऑनलाइनच्या पायी माशा मारायची वेळ आली, म्हणून श्रीरामपुरातल्या या गल्लीत 'गावचा पैसा गावात' ही मोहीम त्यानंच काढली होती. भाषणं त्याची, फलकही त्यानंच रंगवलेले. सगळ्यात मोठा फलक जैनुद्दीनचाचांच्या दुकानावर होता, आणि त्याच्याच खाली आता रंगनाथनं मोबाईलवरून मागवलेलं जाकीट पडलं होतं.

तसा त्याचाही नाइलाज होता. उद्या भाचीचं लग्न, आणि नवरीला मांडवात मामा नेणार. चाचांच्या हाताला तोड नव्हती, पण त्यांचा 'उद्या' कधी उजाडेल याचा नेम नसे. मागच्या लग्नात रंगनाथनं कॉलरच्या कच्च्या टाक्यांसकट अक्षता टाकल्या होत्या. ते फोटो अजून पाहुण्यांत फिरत होते.

तो रस्ता ओलांडून गेला.

"शेठ, तुमचं पार्सल," चाचा म्हणाले.

"माझं कुठलं? मेव्हण्याचं आहे, श्रीमंतचं. किती सांगितलं गावात घे म्हणून, ऐकतोय कोण."

चाचांनी पाकीट चिमटीत दाबून पाहिलं. "जाकीट दिसतंय," एवढंच ते म्हणाले.

रंगनाथनं आपल्या दुकानात, कपाटाच्या आड जाऊन जाकीट चढवलं. गुंड्या आणि काजं यांच्यात चार बोटांचं अंतर राहिलं. श्वास रोखला तेव्हा तीन बोटांचं झालं. बदलून मागवायला आठ दिवस लागणार होते. त्यानं दोनदा शटर अर्धं ओढलं, दोनदा वर केलं, आणि शेवटी पुन्हा चाचांकडं गेला.

"चाचा, मेव्हण्याला घट्ट होतंय. जरा सैल करून द्या ना."

चाचांनी जाकीट उलटं केलं. "आत माया सोडायला नगं का? शिवनीत जादा कापड असंल तर सैल हुईल. तरी बगू. मेव्हन्यांना घिऊन या, अंगावर बगितल्याबिगर मी कात्री लावत न्हाई."

"तो उद्या येणार आहे हो, थेट मांडवात," रंगनाथनं ठोकून दिलं. एवढ्यात खांद्याला पिशवी लावून कोपरगावच्या एसटीनं आलेला श्रीमंत गल्लीत शिरला. हा गडी काडीपैलवान.

"दाजी, हितं व्हय तुमी?"

"हेच का?" म्हणत चाचांनी जाकीट त्याच्या अंगावर चढवलंसुद्धा. "शेठ, घट्ट कुठं हाय? आनखी एक मेव्हना मावंल."

"माज्यासाटी?" श्रीमंतनं जाकिटावरून हात फिरवला. "दाजी, वीस वर्षांत तुमी मला रुमालबी घेतला न्हवता."

आता तोंड उघडायची सोय राहिली नव्हती. चाचांनी खडूनं खुणा केल्या आणि दोन्ही बाजूंनी कात्री चालवली. अर्ध्या तासात श्रीमंत जाकीट घालून, बहिणीला, म्हणजे सविताला, दाखवायला दाजींच्या घराकडे निघूनही गेला.

"तुमी उद्या काय घालनार?" चाचांनी विचारलं.

"जुनंच घालीन."

चाचांनी फळीवरून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं जाकीट काढलं. "सवितावैनींनी दोन म्हैन्यामागं कापड दिलं हुतं. तुमाला सांगू नका म्हनल्या, न्हाईतर रोज उंबरा झिजवशीला. सांच्याला न्यायला येनार हुत्या."

जाकीट चपखल बसलं. कच्चा टाका एकही नव्हता.

"आणि माप?"

"रोज समोरून बगतो की. दिवाळीपासून दोन बोटं वाढलाय."

रंगनाथला मनापासून लाज वाटली. "चाचा, ते पार्सल..."

"नाव तुमचंच हुतं त्यावर. पन तुमच्याच फलकाखाली बसून तुमाला खोटं कसं पाडू?"

रंगनाथ मान खाली घालून आपल्या दुकानात परतला. चाचा नमाजाला गेले, आणि तेवढ्यात डिलिव्हरीवाला पुन्हा दारात उभा राहिला.

"समोरचं बंद हाय. पत्त्यात तुमच्याच दुकानासमोर म्हनून लिवलंय, ठिवून घ्या."

पार्सलवर नाव होतं जैनुद्दीनचाचांचं. पाकिटाचा कोपरा फाटला होता आणि आतून दोनशे पानी वह्या डोकावत होत्या. चाचांच्या नातीची शाळा सोमवारी सुरू होणार होती.

चाचा परतले तसा रंगनाथ नवं जाकीट घालूनच रस्ता ओलांडून गेला.

"चाचा, तुमचं पार्सल."

चाचांनी एकदा पार्सलकडं पाहिलं, एकदा डोक्यावरच्या फलकाकडं.

"माजं न्हाई," ते म्हणाले. "जावयाचं हाय."

"असं होय," रंगनाथ म्हणाला. "मग जावयांना घेऊन या की. कितवीत आहेत?"