मेश्रामकाकांचा फ्रेंच साहेब

मेश्रामकाकांसमोर कोणी 'पंधरा अँपचा प्लग' म्हटलं, की त्याची धडगत नसते. अँपिअर हे माणसाचं नाव आहे, ते पूर्णच घ्यायचं, असा त्यांचा नियम. एकदा बाजारात त्यांनी इलेक्ट्रिकच्या दुकानदाराला भर गर्दीत सुनावलं, "साहूजी, आपको कोई खाली 'सा' बोलेगा तो चलेगा क्या?" तेव्हापासून साहूजी काकांना दुरून पाहिलं तरी "पंद्रह अँपिअर, पूरा!" म्हणून ओरडतात.

काका भिलाईच्या पोलाद कारखान्यात खलाशी, म्हणजे हेल्पर, म्हणून लागले आणि इलेक्ट्रिशियन होऊन रिटायर झाले. सेक्टर दहामध्ये त्यांचं आणि आमचं क्वार्टर भिंतीला भिंत लागून होतं. कुणा इंजिनिअरनं रद्दीत टाकलेलं एक हिंदी पुस्तक त्यांच्या हाती लागलं, आणि करंटच्या मापाला ज्याचं नाव दिलंय तो फ्रेंच शास्त्रज्ञ त्यांच्या घरातलाच झाला. काका त्याला 'आपला साहेब' म्हणत.

पाहुणा आला की प्रयोग ठरलेला. पोळ्या गुंडाळायच्या फॉइलच्या दोन पट्ट्या शेजारीशेजारी टांगायच्या आणि सेल जोडायचा. दोन्हींतून करंट एकाच दिशेनं गेला तर पट्ट्या जवळ येतात, उलटा गेला तर दूर सरतात.

"पाहा! लोकं चुंबकाले पाहत बसले, साहेबानं तारेले तार वढते हे दाखवलं. त्याच्यावरूनच मंग करंट मापाले लागले!"

"चहा थंडा होऊन राहिला," काकू आतून सांगायच्या. पट्ट्या खरंच हलल्या की पंख्याच्या वाऱ्यानं, यावर पाहुण्यांत मतभेद असत. माझ्या बाबांनी मात्र प्रत्येक वेळी "हलल्या, हलल्या" म्हणून साक्ष दिली.

ते बाबा मी बारावीत असताना हार्ट अटॅकनं गेले. मी पुस्तकं पलंगाखाली सारली आणि शाळेत जाणं सोडलं. नातेवाईक आले, रडले, गेले. आईला स्वतःचंच भान नव्हतं, ती मला काय सांगणार?

काका मात्र रोज संध्याकाळी यायचे. सांत्वन हा प्रकार त्यांना जमत नसे. व्हरांड्यात खुर्ची ओढून बसत, "काय वैशू" म्हणत आणि साहेबाबद्दल काहीबाही सांगून उठत. खरं सांगते, मला त्यांचा राग यायचा. इथे माझे बाबा गेलेत आणि हे फ्रान्सच्या गोष्टी सांगतायत!

चार महिन्यांनी एका संध्याकाळी ते बोर्डाच्या परीक्षेचा फॉर्म घेऊन आले.

"काका, मले नाही शिकायचं," मी म्हटलं.

"नोको शिकू. पन आयक. साहेब अठरा वर्साचा होता. तिकडं क्रांती झाली, बापाचं मुंडकं उडवलं. एक साल पोरगं पुस्तकाले शिवलं नाही. नुसतं पाहत बसे. मंग झाडापानाचं एक पुस्तक हाती आलं, अन् झालं सुरू." काकांनी बोटांवर हिशेब केला. "तुले चारच महिने झाले. म्हंजे तुहे आठ महिने अजून बाकी हायेत. ते तू आरामात पुरे कर. पन फॉर्मची लास्ट डेट परवा हाये."

बाबा गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले. हसता हसता रडले. आणि फॉर्म भरला.

बारावी झाली, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झाला, आणि गेल्या महिन्यात नोकरी लागली. काका आता क्वार्टर सोडून भिलाईजवळच्या जुनवानीला राहतात. मी पेढे घेऊन गेले. स्वयंपाकघरात काकूंना सगळं सांगत होते, काकांमुळे कशी सावरले ते.

काकू पोळी लाटता लाटता थांबल्या. "त्यायचा बाप गेला तवा हे नववीत होते. घरच्यायनं ढोरं राखाले लावलं. आठ दिवस ढोरं सोडून शाळेच्या फाटकापाशी जाऊन हुबे राहत. मास्तर आत बोलावतीन म्हनून. कोनी नाही बोलावलं."

मी बाहेर आले आणि काकांच्या शेजारी बसले. माझे डोळे भरून आले होते.

"काका, तुमी रोज आले म्हनून बरं झालं," मी म्हटलं.

काकांनी पेढा तोंडात टाकला आणि चष्मा काढून बराच वेळ पुसला.