बुडबुड्यांचे दिगंबरराव

चहा समोर आला की दिगंबरराव तो पीत नाहीत, न्याहाळतात. कपाच्या कडेचा शेवटचा बुडबुडा फुटेपर्यंत नजर घड्याळावर. मग निवलेल्या चहाचा घोट घेऊन निकाल: "ठहरता नै!"

हे आमचे चिक्कडपल्लीतले शेजारी. आयुष्यभर प्रयोगशाळेत त्यांनी एकच गोष्ट मोजली. फुप्फुसात असंख्य ओले, इवलाले फुगे असतात. पाण्याचा ताण त्यांना मिटवू बघतो. शरीर आतून साबणासारखा एक थर पसरून तो ताण उतरवतं. दिगंबरराव उथळ ताटलीत पाण्यावर तो थर पसरत, बाजूनं आवळत नेत आणि ताण किती उरला ते बघत. निवृत्तीनंतर ताटली सुटली, सवय सुटली नाही. बेगम बाजारात साबण घेतानाही ते बाटलीत फेस करून बघतात. दुकानदार हात जोडतो, "साब, कपडे धोना है कि इम्तेहान लेना है?"

मराठी मंडळानं त्यांचा सत्कार केला. अध्यक्षांनी 'थोर हृदयतज्ज्ञ' म्हणत शाल घातली. दिगंबरराव म्हणाले, "हृदय नव्हे हो, फेस." त्यालाही टाळ्या पडल्या.

गेल्या वर्षी माझ्या मुलीला सातव्या महिन्यातच मुलगी झाली. श्वास घेताना बाळाच्या बरगड्या आत ओढल्या जात. डॉक्टरांनी तोच थर औषध म्हणून नळीनं तिच्या फुप्फुसात सोडला आणि म्हणाले, "आता वाट बघायची."

दिगंबरराव दवाखान्यात आले. आता व्याख्यान होणार, म्हणून मी मनाची तयारी केली. त्यांनी काचेतून आत पाहिलं आणि माझ्या बायकोला विचारलं, "वहिनी, नाव काय?"

"इतक्यात कसलं नाव, भाऊजी? घरी येऊ दे, मग बारसं. आमच्यात आधी ठेवत नाहीत."

"आमच्यातही नाही ठेवत. आमचा असाच लवकर आला होता. हे औषध तेव्हा नव्हतं. तो घरी आलाच नाही. आता आम्ही दोघं त्याच्याबद्दल बोलतो, तर 'तो' म्हणतो. दुसरं काय म्हणणार?"

इतक्या वर्षांचा शेजार. आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं.

बायको काचेजवळ सरकली. मग म्हणाली, "रेवा. मनात ठेवलं होतं."

दिगंबरराव वाकले. "रेवा," त्यांनी हाक मारली. काचेतून आवाज आत जाणार नाही, हे आमच्यापेक्षा त्यांना चांगलं कळत होतं. त्यांनी पुन्हा हाक मारली.