आधी पाहुण्याचा खडा

प्राचीच्या लॅपटॉपवर नवकंकरीचा, नऊ-नऊ खड्यांच्या खेळाचा, पट मांडून बराच वेळ झाला, तरी एकही खडा पडेना. तिचे वडील भिमाजीआप्पा शेजारी खुर्ची ओढून बसले होते आणि मागे आई सरूबाई पिशवी भरून तयार होती.

आप्पा शिरूरचे, त्यांचे साडू ईश्वरराव दौंडचे. एका लग्नात नवकंकरी खेळताना खडा सरकवल्यावरून दोघांचं वाजलं, तेव्हापासून एकमेकांचा उंबरा बंद. सरूबाईच्या बहिणीचं, मुक्ताबाईचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं तरी आप्पा हलेनात. मग प्राचीनं आप्पांचे सगळे डाव एका प्रोग्रॅमला शिकवले. तिकडे तिचा मावसभाऊ इंद्रजीत यानं ईश्वररावांचे शिकवले. हे दोन प्रोग्रॅम नेटवरून आपापसांत खेळवणारं सॉफ्टवेअरही मिळालं. ज्याचा प्रोग्रॅम हरेल त्यानं आधी दुसऱ्याच्या घरी जायचं, असं ठरलं. कोण हरतंय याच्याशी सरूबाईला काही देणंघेणं नव्हतं. तिला बहीण भेटायला हवी होती.

"प्राचे, ती दोघं आत करत्यात तरी काय?" सरूबाईनं डोकावून विचारलं.

"वाट बघत बसल्यात, आई. आप्पांनी सांगितलं होतं, आधी पाहुण्याला खेळू द्यायचं. काकांनीबी इंद्रजीतला तेच सांगितलंय. समोरून जो जोडला गेला तो पाहुणा, असं दोन्ही प्रोग्रॅमनी धरलंय."

आता ही काय प्रोग्रॅमची चूक म्हणायची? ते घरच्या वळणावरच गेले होते. पण आप्पांनी तडक फोन लावला.

"साडू, खेळा की. पाहुणे तुम्ही. तुमचा डाव आमच्यात आलाय."

"आमचा कुठं आलाय? तुमचाच हितं येऊन बसलाय. येऊन बघा."

"बघतोच."

"नगं, मीच येऊन दावतो."

दोघांनी एकदमच फोन ठेवला. आप्पा चपला घालेपर्यंत सरूबाई रस्त्यावर पोचलीसुद्धा. ईश्वरराव मोटारसायकलवर, हे दोघं एसटीत. न्हावऱ्याच्या आसपास ते एकमेकांना ओलांडून गेले असावेत.

दौंडला दार मुक्ताबाईनं काठी टेकत उघडलं. बहिणी गळ्यात पडल्या, रडल्या आणि लगेच स्वयंपाकघरात गेल्या. आप्पा ओसरीत एकटेच उरले. तेवढ्यात शिरूरहून फोन आला.

"आप्पा, मी तुमच्या घरी हाय. म्हंजी पाहुणा मी. पयला खडा माझा."

"मी तुमच्या घरी हाय. मग मी कोण?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं.

"बरं, तुम्ही हिकडं या," ईश्वरराव म्हणाले.

"आधी तुम्ही या."

इंद्रजीतला हसू आवरेना. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "मावशी, प्रोग्रॅममधली एक ओळ बदलली की डाव सुटंल. बदलू का?"

सरूबाईनं बहिणीकडे पाहिलं. मुक्ताबाईनं चहात आलं किसून टाकलं.

"राहू दे रं," सरूबाई म्हणाली. "पुढच्या आयतवारी बघू. तवाबी बघायला यावं लागंलच की."